ऑक्टोबरातली लस : घरात आधी कोणाला?

मागच्या रमजानची गोष्ट. तिसरा रोजा होता. आमचा धाकटा भाऊ चाकणहून दुसरी पाळी करून रात्री साडेबाराला घरी आला, तो शिंकतच. कंपनीच्या बसमध्ये निम्मी माणसं खोकत होती, काचा बंद होत्या, एवढं सांगून काढा पिऊन झोपला. चार दिवसांत बरा होऊन तो पुन्हा कामावर गेला. पण तोवर ताप अब्बांकडे पोहोचला होता. अब्बा ६९ वर्षांचे. भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर उभं राहून त्यांनी तीस वर्षं काढली, आणि गेली १४ वर्षं त्यांना शुगर आहे. दोन दिवस त्यांनी ताप कोणाला सांगितलाच नाही, रोजा सुटेल म्हणून. आठव्या रोजाला तरावीहसाठी मशिदीचा जिना चढताना ते मधेच बसले, आणि त्यांना दम लागतोय हे तेव्हा आमच्या लक्षात आलं.

आठ दिवस रुग्णालयात गेले, त्यातले तीन ऑक्सिजनवर. अल्लाहच्या कृपेने अब्बा घरी आले, ईदही घरीच झाली. बिल मात्र भावाच्या सहा महिन्यांच्या पगाराएवढं होतं. दाखल करतानाच डॉक्टरांनी एक साधा प्रश्न विचारला होता : "यांना फ्लूची लस दिली होती का?" आम्ही एकमेकांकडे पाहिलं. अम्मी हळूच म्हणाल्या, "लस तर लहान मुलांची असते ना?"

ही चूक आमच्या एकट्या घराची नाही. पोलिओच्या रविवारी मुलांना कडेवर घेऊन आपण बूथवर जातो, बाळाचं लसीकरणाचं कार्ड कपाटात दागिन्यांसारखं जपतो. पण घरातल्या मोठ्या माणसांचं लसीकरणाचं कार्ड कुठे आहे, असं विचारलं तर बहुतेक घरांत उत्तर मिळणार नाही. या ऑक्टोबरात आम्ही ठरवलं की यंदा वेळेआधी चौकशी करायची. मोहल्ल्यातल्या डॉक्टरांना विचारलं, महापालिकेच्या दवाखान्यात गेलो, मेडिकलच्या दुकानात खोक्यांवरची बारीक अक्षरं वाचली. त्यातून जे हाती लागलं ते वाचकांसमोर ठेवतो आहोत.

पहिला प्रश्न आम्हालाच पडला होता. ऑक्टोबर ही फ्लूच्या लशीची वेळ आहे का? परदेशातले नातेवाईक सांगतात की तिकडे थंडी सुरू होण्याआधी, सप्टेंबर-ऑक्टोबरात सगळे मोठे लोक लस घेतात. आपल्याकडचं गणित थोडं वेगळं आहे. पुणे परिसरात फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते, साधारण जुलै ते सप्टेंबर. दुसरी लाट थंडीच्या शेवटी येते, जानेवारी ते मार्चमध्ये. काश्मीरसारख्या थंड प्रदेशात मात्र थंडीतली लाटच मुख्य असते. म्हणून आपल्या भागातले अनेक डॉक्टर लस मे-जूनमध्ये, पावसाळ्याच्या तोंडावर घ्या म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. ज्यांनी ती यंदा मे-जूनमध्ये घेतली, त्यांना डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं नसेल तर आता पुन्हा घेण्याची गरज नाही.

पण आमच्यासारख्यांनी, म्हणजे ज्यांनी घेतलीच नाही त्यांनी, पुढच्या मे महिन्याची वाट पाहायची का? इथे आपल्या घरांचं स्वतःचं कॅलेंडर मधे येतं. २०२६ चा रमजान चंद्रदर्शनानुसार १८-१९ फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होतो. म्हणजे फ्लूच्या दुसऱ्या लाटेच्या ऐन मध्यावर. महिनाभर मशिदी भरलेल्या, तरावीहच्या सफेत खांद्याला खांदा लागलेला, इफ्तारला नातेवाईकांची ये-जा, झोप अपुरी, आणि म्हातारी माणसं ताप लपवून रोजे पूर्ण करणारी. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो, त्यामुळे पुढची काही वर्षं तो जानेवारी-फेब्रुवारीतच येणार आहे. लस टोचल्यावर अंगात संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, आणि ते पुढे काही महिने टिकून हळूहळू ओसरतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात घेतलेली लस म्हणूनच जानेवारीपासून ईदपर्यंतच्या काळात उपयोगी पडते.

आता खोक्याविषयी. फ्लूचा विषाणू सारखा रूप बदलतो, म्हणून लसही बदलावी लागते. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा नव्या लशीची यादी जाहीर करते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. लस तयार व्हायला त्यापुढे सहाएक महिने लागतात. आपल्या बाजारात दोन्ही प्रकार येतात. खोक्यावर 'एनएच' म्हणजे उत्तर गोलार्ध आणि 'एसएच' म्हणजे दक्षिण गोलार्ध, अशी अक्षरं आणि सालं छापलेली असतात. आत्ता घेणार असाल तर चालू हंगामाची 'एनएच' मागा. गेल्या हंगामाचं उरलेलं खोकं कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका.

आणखी एक गोष्ट पैशांची आहे. दुकानात 'चार प्रकारांची' लस 'तीन प्रकारांच्या' लशीपेक्षा भारी म्हणून पुढे केली जाते. चौथा प्रकार म्हणजे 'बी-यामागाता' नावाचा विषाणू. मार्च २०२० नंतर तो जगात कुठेही खात्रीने सापडलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेच सप्टेंबर २०२३ पासून तो लशीतून वगळायला सांगितलं आहे. चारची लस घेतली म्हणून अपाय काही नाही, पण तीनची मिळत असेल तर ती कमी दर्जाची समजून नाकारू नका आणि चौथ्यासाठी जादा पैसे मोजू नका.

मग मुख्य प्रश्न. आमच्या घरात सात माणसं. खासगी दवाखान्यात एक लस हजाराच्या वर जाते. सातही जणांची एकदम घेणं आम्हाला परवडत नाही, आणि बहुतेक वाचकांनाही परवडणार नाही. 'सर्वांनी घ्यावी' असं सांगणं सोपं असतं. घरात पैसे मोजणाऱ्याला आधी कोणाला ते ठरवावं लागतं.

अब्बांचा नंबर पहिला, यावर कोणाचं दुमत नव्हतं, फक्त अब्बांचं सोडून. "मला एकदा होऊन गेलंय, आता परत कशाला?" असं ते म्हणाले. आधी होऊन गेलेला फ्लू पुढच्या वर्षीच्या बदललेल्या विषाणूपासून वाचवेलच असं नसतं, हे डॉक्टरांनी त्यांना समजावलं. वय ६५ च्या पुढे, मधुमेह, हृदयविकार, दमा, मूत्रपिंडाचा आजार, यांपैकी काही असेल तर साधा फ्लू न्यूमोनियापर्यंत जाऊ शकतो. हृदयाचं तर आम्हाला माहीतच नव्हतं. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतातला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. फ्लूचं निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकची शक्यता एरवीच्या सहापट असते, असं त्यात दिसलं. 'तापातून उठले आणि अटॅकने गेले' असं आपण मय्यतीत कितीदा ऐकतो.

दुसरा नंबर दुल्हनचा, म्हणजे धाकट्या भावाच्या बायकोचा. तिला पाचवा महिना आहे आणि बाळ फेब्रुवारीत, रमजानच्या आसपास येणार आहे. गरोदरपणात फ्लू झाला तर तो जोर धरतो, आणि २००९ च्या साथीत हे ठळकपणे दिसलं होतं. शिवाय सहा महिन्यांखालच्या बाळाला फ्लूची लस देताच येत नाही. आईने गरोदरपणी घेतली तर तिच्यातलं संरक्षण बाळापर्यंत पोहोचतं आणि पहिले काही महिने त्याला ती ढाल मिळते. म्हणजे एका सुईत दोन जीव. अम्मींना सुरुवातीला हे मान्य नव्हतं. "पोटुशीला कसली सुई देता?" पण धनुर्वाताची इंजेक्शनं त्यांनी स्वतः प्रत्येक बाळंतपणाआधी घेतली होती, याची आठवण दिल्यावर त्या गप्प झाल्या.

गरोदर स्त्रिया, मधुमेह आणि रक्तदाबाचे रुग्ण यांना फ्लूची लस सरकारी दवाखान्यांतून मोफत देण्याचं धोरण महाराष्ट्र शासनाने २०१५ च्या स्वाइन फ्लूच्या साथीनंतर सुरू केलं. हे आपल्या वस्त्यांत फार थोड्यांना ठाऊक आहे. पिंपरीच्या संत तुकाराम नगरातलं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, म्हणजे आपलं वायसीएम, किंवा महापालिकेचा जवळचा दवाखाना, आणि चाकणकडच्यांसाठी तिथलं ग्रामीण रुग्णालय, इथे आधी चौकशी करा. साठा प्रत्येक वेळी असतोच असं नाही. म्हणून खाडा करून थेट रांगेत उभं राहण्यापेक्षा आशाताईंना किंवा दवाखान्यातल्या नर्सबाईंना विचारून दिवस पक्का करा. गरोदर बाईने तपासणीच्या दिवशी स्वतःहून विषय काढावा. विचारलं नाही तर बरेचदा कोणी सांगत नाही, हा आमचा अनुभव.

तिसरा नंबर कोणाचा, यावर मात्र घरात वाद झाला. अम्मींचं वय ६२, बीपीची गोळी सुरू. भावाचं वय २९, तब्येत ठणठणीत. वयाने आणि आजाराने पाहिलं तर अम्मी. पण घरात ताप आणतो कोण? भावाच्या बसमध्ये चाळीस माणसं, कॅन्टीनमध्ये शेकडो, आणि महाळुंगे-निघोजेच्या खोल्यांत एकेका खोलीत पाच-पाच पोरं पाळ्या बदलून झोपतात. म्हाताऱ्या शरीरात लस तरण्यांइतकी जोमाने काम करत नाही, हेही डॉक्टरांनी सांगितलं. म्हणून म्हाताऱ्यांच्या आसपास वावरणाऱ्यांनी लस घेणं हे म्हाताऱ्यांनाच दिलेलं दुसरं संरक्षण ठरतं. शेवटी अम्मींची लस सरकारी दवाखान्यातून मिळवायची आणि भावाची विकत घ्यायची, असं ठरलं. तुमच्या घरात उत्तर वेगळं असू शकतं. घरात दम्याचं मूल असेल, डायलिसिसवरचं माणूस असेल, तर क्रम बदलेल.

भावाच्या कंपनीत लशीचा कॅम्प झाला होता, पण कायम कामगारांसाठी. ठेकेदाराच्या माणसांना त्यात जागा नव्हती. एकाच लाइनवर, एकाच बसमध्ये खोकणाऱ्या दोघांपैकी एकालाच लस, हे आम्हाला चमत्कारिक वाटतं. वाचकांपैकी कोणी कंपन्यांत एचआरमध्ये, सुरक्षा समितीत किंवा युनियनमध्ये असतील, त्यांनी हा मुद्दा जरूर मांडावा.

कंत्राटी कामगारांनी आणखी एक हक्क लक्षात ठेवावा. महिना पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि पगारातून ईएसआय कापला जात असेल, तर आजारपणात घरी राहिल्याबद्दल वर्षात ९१ दिवसांपर्यंत सरासरी मजुरीच्या ७० टक्के भरपाई मिळते. त्यासाठी आधीच्या ठरलेल्या सहा महिन्यांत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते आणि ईएसआयच्या डॉक्टरचा दाखला लागतो. पहिले दोन दिवस सहसा मिळत नाहीत. ताप अंगावर काढून पाळीवर जाण्याची आपल्या पोरांची सवय खाड्याच्या भीतीतून आली आहे. हा नियम माहीत असला तर त्यातली थोडी तरी भीती जाईल, आणि घरातल्या अब्बांपर्यंत येणारा तापही.

फ्लूची लस घेतल्यावर फ्लू होणारच नाही का? तसं नाही. लस त्या वर्षीच्या विषाणूशी चांगली जुळली तर डॉक्टरांकडे जावं लागेल असा फ्लू साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो. ऐकायला हे थोडं वाटतं. पण लस घेतलेल्याला फ्लू झालाच तरी तो रुग्णालयात, आयसीयूत जाण्याची शक्यता कमी असते. आमचं सहा महिन्यांच्या पगाराचं बिल समोर ठेवून पाहिलं तर हा सौदा आम्हाला स्वस्त वाटला. दंड एक-दोन दिवस दुखतो, कधी कणकण येते. टोचून देण्याच्या लशीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे लशीनेच फ्लू होतो ही समजूत चुकीची आहे.

एक भीती मात्र यंदा आपल्या भागात खरोखर बसली आहे. जानेवारी-फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्यात गुलेन-बारीचे, म्हणजे हातपाय लुळे पडण्याच्या आजाराचे रुग्ण एकदम वाढले. सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात सर्वांत जास्त होते, काही पिंपरी-चिंचवडमध्येही सापडले. 'लशीमुळे लकवा मारला' अशी कुजबुज तेव्हा मोबाइलवरून फिरली. त्या साथीचा माग दूषित पाण्याकडे आणि त्यातून पोटात जाणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूकडे गेला. फ्लूच्या लशीनंतर हा आजार होऊ शकतो, हे वैद्यकशास्त्र लपवत नाही, पण त्याचं प्रमाण दहा लाखांत एक-दोन इतकं आहे, आणि खुद्द फ्लू झाल्यावरही तो होऊ शकतो. ज्यांना पूर्वी गुलेन-बारी होऊन गेला आहे त्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय लस घेऊ नये. पूर्वी कुठल्या लशीने अंगावर मोठी रिअ‍ॅक्शन आली असेल तर तेही आधी सांगावं. बाकीच्यांनी या भीतीने थांबण्याचं कारण नाही.

आता दुसरा सवाल, जो आपल्या घरांत हमखास निघतो : लशीत डुकराचं काही असतं का? हा सवाल हसण्यावारी नेऊ नये, आणि मनात ठेवून गुपचूप लस टाळूही नये. टोचायची फ्लूची लस बहुतेक करून कोंबडीच्या अंड्यांत वाढवलेल्या विषाणूपासून बनते आणि तिच्यात सहसा जिलेटिन नसतं. जिलेटिन असतं ते काही जिवंत विषाणूंच्या लशींत आणि परदेशात मिळणाऱ्या नाकात फवारायच्या एका फ्लूच्या लशीत. शंका असेल तर दुकानदाराकडून खोक्यातलं माहितीपत्रक मागा, घटकांची यादी त्यात छापलेली असते. उलेमांनीही यावर विचार केला आहे. १९९५ साली कुवेतमध्ये इस्लामी वैद्यकशास्त्र संघटनेने भरवलेल्या परिषदेत शंभरावर विद्वान आणि तज्ज्ञ जमले होते. पदार्थाचं मूळ रूप पूर्ण बदलून गेलं, म्हणजे इस्तिहाला झाला, तर तो पाक मानता येतो आणि असं जिलेटिन वापरणं जायज आहे, असा निर्णय तिथे झाला. कोरोनाच्या काळात, डिसेंबर २०२० मध्ये, संयुक्त अरब अमिरातीच्या फतवा कौन्सिलनेही दुसरा पर्याय नसेल तर जिलेटिन असलेली लस चालेल, असं सांगितलं. तरीही ज्यांच्या मनाला खात्री हवी आहे त्यांनी आपल्या मौलानांना जरूर विचारावं.

रोज्यात लस घेता येते का, हाही प्रश्न येतो. दंडात टोचलेली लस अन्न नाही आणि ती पोटातही जात नाही, म्हणून तिने रोजा तुटत नाही, असं बहुतांश उलेमांचं मत आहे. लखनौच्या फिरंगी महलच्या दारुल इफ्ताने २०२१ च्या रमजानमध्ये कोरोना लशीबाबत असाच फतवा दिला होता. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात काम उरकलं तर हा प्रश्नच उभा राहत नाही.

ज्यांच्या घरातून कोणी हज किंवा उमऱ्याला जाणार आहे त्यांनी हा भाग नीट वाचावा. हज २०२६ मे महिन्याच्या अखेरीस आहे. हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांना निघण्यापूर्वी कॅम्पमध्ये मेंदूज्वराची लस आणि पोलिओचा डोस मिळतो, ज्येष्ठांना फ्लूचीही. मेंदूज्वराच्या लशीमागे दुःखद इतिहास आहे. २००० सालच्या हजनंतर मेनिंगोकोकस जिवाणूच्या 'डब्ल्यू-१३५' या प्रकाराची साथ हाजींबरोबर अनेक देशांत पोहोचली. हाजींच्या घरच्यांनाही ती लागली. तेव्हाच्या रूढ लशीत हा प्रकार नव्हता. त्यानंतर, २००२ पासून, सौदी सरकारने चारही प्रकारांवरची लस सक्तीची केली.

हजच्या यात्रेकरूंकडे निदान कोणी पाहतं तरी. उमऱ्याला जाणारे खासगी टूरवाल्यांबरोबर जातात, रमजानमध्ये तर झुंबड असते, आणि लशीचा विषय निघतोच असं नाही. एप्रिल-मे २०२४ मध्ये अमेरिका, फ्रान्स आणि ब्रिटनमध्ये मिळून मेंदूज्वराचे १२ रुग्ण सापडले. त्यातले दहा उमरा करून आलेले आणि दोन त्यांच्या निकटचे होते. बहुतेकांनी लस घेतलेली नव्हती. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये उमऱ्याला जाण्याचा इरादा असेल तर टूरवाल्याकडून सौदीचे ताजे नियम लेखी मागून घ्या. नियमात सूट असली तरी लस घ्या. ती निघण्याच्या किमान दहा दिवस आधी टोचलेली हवी. नव्या धर्तीची, म्हणजे कॉन्ज्युगेट लस असेल तर दाखला पाच वर्षं चालतो, तेव्हा कार्ड पासपोर्टसोबतच ठेवा. फ्लूची लसही याच सुमारास घेतली तर उत्तम; मक्केतून परतलेला खोकला किती आठवडे छातीत बसतो, हे प्रत्येक हाजीला विचारून पाहा.

बाकीच्या लशी थोडक्यात. न्यूमोनियाची, म्हणजे न्यूमोकोकसची लस ६५ च्या पुढच्यांना आणि मधुमेह, दमा, हृदयविकार असलेल्यांना सांगितली जाते. ती दरवर्षी घ्यावी लागत नाही, पण काही हजारांची असते. फ्लूच्या लशीबरोबर त्याच दिवशी, दुसऱ्या दंडात घेता येते. अब्बांची आम्ही यंदाच घेणार आहोत, त्यासाठी दिवाळीच्या सेलमधला फ्रीज पुढे ढकलला. नागिणीची लसही २०२३ पासून आपल्याकडे मिळते, मात्र ती इतकी महाग आहे की तिचा विचार आम्ही सोडून दिला.

कारखान्याच्या पट्ट्यात सर्वांत जास्त टोचली जाणारी लस मात्र वेगळीच आहे : धनुर्वाताची. प्रेसवर बोट कापलं, पत्रा लागला, भंगारात खिळा घुसला, की पहिलं काम 'टीटी' मारणं. एकेका कामगाराने वर्षात तीन-तीनदा घेतलेली असते, कारण मागची कधी घेतली ते लिहिलेलं नसतं. लहानपणचे डोस पूर्ण असतील तर स्वच्छ, लहान जखमेला दहा वर्षांत आणि मातीच्या, गंजाच्या मोठ्या जखमेला पाच वर्षांत घेतलेली असेल तर पुन्हा लागत नाही. आता टीटीच्या जागी 'टीडी' आली आहे, तिच्यात घटसर्पापासूनही संरक्षण आहे. डॉक्टरांना टीडीच मागा आणि तारीख मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

हे दिवस डेंग्यूचेही आहेत. दवाखान्यात आम्ही बसलो असताना एक ताई मुलाला घेऊन आल्या आणि "डेंग्यूची लस द्या" म्हणाल्या. डेंग्यूची लस २०२५ पर्यंत भारतात बाजारात आलेली नव्हती, आणि फ्लूच्या लशीने डेंग्यू टळत नाही. टाकी झाकणं, कुंडीखालच्या बश्या आणि कूलर रिकामा करणं हाच त्यावर उपाय आहे. अंगात ताप असताना कुठलीच लस घेऊ नका. आधी तापाचं निदान होऊ द्या, बरे झाल्यावर घ्या.

शेवटी लशीच्या वाहतुकीचं. लस २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते. मेडिकलमधून सकाळी घेतलेली सिरिंज पिशवीत टाकून चाकण-तळेगाव रस्त्याच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास अडकलो आणि संध्याकाळी दवाखान्यात टोचून घेतली, असं केलं तर पैसे वाया गेले असंच समजा. घरच्या फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्यात ठेवली तरी ती खराब होते, ती गोठता कामा नये. ज्या दवाखान्यात टोचून घेणार तिथल्याच फ्रीजमधली घ्या. ते शक्य नसेल तर दुकानदाराकडून बर्फाच्या पिशवीसह थर्माकोलच्या डब्यात न्या. बर्फ थेट सिरिंजला लागू देऊ नका, आणि थेट दवाखान्यातच जा.

आमचा रविवार ठरला आहे. भावाची रात्रपाळी शनिवारी संपते, तो सकाळी झोपून उठला की दुपारी जोहरनंतर तो आणि अब्बा डॉक्टरांकडे जातील. दुल्हनचा मंगळवार आहे, महापालिकेच्या दवाखान्यात, आणि अम्मी तिच्याबरोबर जाणार आहेत, स्वतःची लस घ्यायला. अब्बांनी कालच एक जुनी वही काढली. पहिल्या पानावर सर्वांची नावं लिहिली आहेत, पुढे तारखेचा रकाना रिकामा ठेवला आहे, आणि सर्वांत खाली, येणाऱ्या बाळासाठी, एक ओळ सोडली आहे.